घरात शिरणारी वाट : उंदीर, साप आणि विंचू यांचा बंदोबस्त



उसाच्या नोंदीसाठी गट कार्यालयात आलेले सभासद अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, जुन्नरकडं बिबट्या उसातच राहतो म्हणतात. आपल्याकडं आला तर काय करायचं?" प्रश्न खोटा नाही. जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्याने उसालाच घर केले आहे हे खरे. परंतु बिबट्या घराच्या मोरीतून आत येत नाही. आपल्या किल्लारी परिसरात घरात शिरून जीव घेणारी जनावरे बोटाएवढी जाड असतात, आणि ती ज्या वाटेने येतात ती वाट आपणच उघडी ठेवलेली असते. म्हणून या अंकात लावण, खत, पाणी हे विषय बाजूला ठेवून घराविषयी लिहीत आहे.

आधी एक आकडा. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक सर्व खेड्यांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये यासाठी राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावयाचे आहेत. योजना दिल्लीत झाली तरी उंबरठ्याखालची फट आपल्यालाच बुजवावी लागणार आहे.

जुने घर, नवे घर

आपल्या भागातील जुनी घरे कशी होती हे चाळिशीच्या पुढच्या मंडळींना सांगायला नको. दगड आणि पांढऱ्या मातीच्या दोन-तीन हात रुंद भिंती, वर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया आणि त्यावर हातभर मातीचे माळवद. भिंतीतच बळद, जमिनीत पेव. उन्हाळ्यात घर थंड राही. पण दोन दगडांमधली माती सुटली की ती फट विंचवाची, आणि बळदाच्या मागची पोकळी उंदरांची. आमच्या आजीला घरातील प्रत्येक बीळ ठाऊक होते. पोतेरे घालताना ती हाताने चाचपून शेण-मातीचा गोळा त्यात दाबायची. तेच आमच्या घरचे कीड नियंत्रण.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले ते इथे पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नाही. ती जड भिंत आणि ते जड माळवद झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर कित्येक महिने आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मी तेव्हा शाळेत होतो. शेडला दार म्हणजे पत्र्याचाच तुकडा, खाली वीतभर फट. रात्री कोणी ना कोणी कंदील घेऊन अंथरुणे झटकत असे. ढिगाऱ्यातून बाहेर पडलेले विंचू, साप, उंदीर हेदेखील आमच्यासारखेच बेघर झाले होते, असे आमचे एक गुरुजी म्हणत.

पुढे पुनर्वसन झाले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागेवर वसली. जमिनीच्या मानाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. ती भूकंपाचा विचार करून बांधलेली, मजबूत, फटी नसलेली. मग आता उंदीर-साप कुठून आले? तर २५० चौरस फुटांत माणसे मावली, पण शेतकऱ्याचा संसार मावला नाही. ज्वारी कुठे ठेवायची, शेळी कुठे बांधायची, चूल कुठे घालायची? म्हणून प्रत्येकाने घराला लागून पत्र्याची खोली काढली. भिंतीला टेकवून सरपण रचले, जुन्या घरचे दगड आणून परसात ढीग लावला. मूळ घराला फट नव्हती. ती आपण शेजारी जोडली. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या घरीसुद्धा असेच आहे, किंबहुना होते.

ज्वारीमागे उंदीर, उंदरामागे साप

साप माणसाला चावण्यासाठी घरात येत नाही. तो उंदराच्या, पालीच्या, बेडकाच्या मागे येतो, किंवा उन्हाच्या तडाख्यात गारव्याला येतो. उंदीर धान्यामागे येतो. तेव्हा सापाचा बंदोबस्त कोठीपासून सुरू होतो. पोत्यातील ज्वारी जमिनीवर भिंतीला लावून ठेवली की उंदराला आमंत्रण देण्यासारखेच आहे. पत्र्याची झाकणाची कोठी घ्यावी. पोतीच ठेवावयाची असतील तर ती फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून हातभर अलग ठेवावीत, म्हणजे मागे काय चालले आहे ते दिसते. कोंबड्यांचे खुराडे घराच्या भिंतीला लागून नको. अंडी आणि पिल्ले यांवर सापाचा डोळा असतो.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. वर्षभर उभ्या असलेल्या उसात उंदरांना दाट आडोसा असतो, वर उसाची गोडी. कोयता लागला की दोन-तीन दिवसांत तो आडोसा मोडतो, आणि उंदीर बांधाबांधाने जवळच्या आखाड्याकडे किंवा वस्तीकडे सरकतात. त्यांच्या मागे नाग, घोणस, धामण. म्हणून ज्यांचे घर वावरात आहे त्यांनी तोडीची तारीख कळताच, टोळी येण्यापूर्वी, घराच्या फटी बुजवून घ्याव्यात. तोड झाल्यावर बुजवणे म्हणजे पाहुण्याला आत घेऊन कडी लावण्यासारखे आहे.

आता पाचटाविषयी. पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीत कुजवा, असे मीच सभांमधून सांगत असतो आणि तेच बरोबर आहे. मात्र काही सभासद बांधून आणलेले पाचट, कडब्याची बनीम आणि गोवऱ्यांचा ढीग हे तिन्ही घराच्या पाठभिंतीला रचतात. पाचट सरीतच शोभते. बनीम घरापासून पन्नास फूट तरी दूर असावी. सरपण दगडांवर फळ्या टाकून, जमिनीपासून फूटभर उंच रचावे आणि अंधारात त्यात हात घालू नये.

मण्यार आणि कवड्या

आपल्याकडील चार विषारी साप सर्वांना नावाने माहीत आहेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, नाग फणा काढतो. मण्यार मात्र काहीच करीत नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि माणूस कुशीवर वळला की चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही, सूजही नसते. पहाटे माणूस पोट दुखते, घसा दुखतो म्हणत उठतो. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोबडी वळते आणि शेवटी श्वास थांबतो. घरात साप कोणी पाहिलेलाच नसतो.

तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या घराच्या भिंतीवर पाली शोधत चढतो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या काळ्या चकचकीत अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. मानेजवळ ते नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. ही माहिती लांबून पाहण्यापुरती आहे. हातात धरून पट्टे मोजणारे बहाद्दर आपल्या भागात कमी नाहीत, त्यांनी कृपया हे वाक्य दोनदा वाचावे. साप घरात दिसल्यास लेकरांना व जनावरांना बाहेर काढावे, लांबून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. साप मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय मारायला गेलेल्यालाच दंश झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. धामण तर उंदीर खाणारी. ती म्हशीचे दूध पिते ही निव्वळ गैरसमजूत आहे. कोणताच साप दूध पचवू शकत नाही.

दार, मोरी आणि पन्हळ

एका संध्याकाळी दिवा आत लावून, दारे-खिडक्या बंद करून आपण स्वतः घराभोवती एक फेरी मारावी. जिथून उजेड बाहेर येतो तिथून जनावर आत येते. घरचा लहान उंदीर पाव इंचाच्या फटीतून निघतो, मोठ्याला अर्धा इंच पुरतो. करंगळी आत जाते ती फट मोठीच समजावी.

बहुतेक घरांत पहिली फट दाराखाली सापडते. दाराच्या खालच्या कडेला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची चार बोटे रुंद पट्टी चुकांनी ठोकावी, ती जमिनीला घासली पाहिजे. लाकडी दाराचे कोपरे उंदराने कुरतडले असतील तर आधी पत्र्याची पट्टी मारावी. दुसरी जागा न्हाणीची मोरी. तिला पाव इंच डोळ्याची लोखंडी जाळी बसवावी, आणि बाहेर सांडपाणी साचू देऊ नये, कारण तिथे बेडूक आणि बेडकामागे साप. भिंतीतील बिळात काचेचे तुकडे किंवा भांडी घासण्याचा तारेचा चोथा कोंबून वर सिमेंट-वाळूचा गिलावा करावा. नुसती माती उंदीर एका रात्रीत उकरतो.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे पत्र्याची पन्हळ. भिंतीच्या माथ्यावर पत्रा जिथे टेकतो तिथे प्रत्येक पन्हळीखाली मूठभर भोक राहते, आणि दहा पत्र्यांच्या खोलीत अशी किती भोके होतात ते मोजून पाहा! उंदीर आणि कवड्या यांचा तो राजरस्ता. गवंड्याकडून एका दिवसात हे काम होते. खोली बांधतानाच करून घेतले तर वेगळी मजुरीही पडत नाही. घरावर टेकलेल्या फांद्या आणि वेल छाटून टाकाव्यात.

उंदरांसाठी औषध

फटी बुजवण्यापूर्वी उंदीर कमी करावेत, नाहीतर ते आतच कोंडले जातात. परसातील आणि बांधावरील सर्व बिळे संध्याकाळी चिखलाने बंद करावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत बिळे. औषध फक्त तिथे. झिंक फॉस्फाईड वापरावयाचे असेल तर पहिले दोन-तीन दिवस ज्वारीचा भरडा आणि गोडेतेल असे साधे आमिष ठेवून उंदरांना चटक लावावी, मग ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध असे मिश्रण काठीने कालवून बिळात आतवर टाकावे व तोंड बंद करावे. हाताने कालवू नये. हे औषध राहत्या घरात कधीही वापरू नये, त्यावर उतारा नाही. घरात पिंजरा उत्तम. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वापरल्या तर लेकरांच्या व कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात. त्याने उंदीर काही दिवसांनी मरतात, दुसऱ्या सकाळी मेलेले दिसले नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

एकट्याने हे काम करून फारसा उपयोग होत नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत पुन्हा वितात. शेजारच्या घरातून आपल्या घरात भरती चालूच राहते. गल्लीने किंवा वस्तीने एकाच दिवशी बिळे बुजवावीत आणि एकाच दिवशी औषध टाकावे.

दोन चुका मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली, घराभोवती थिमेट टाकणे. उसाच्या हुमणीसाठी आणलेले फोरेट साप येऊ नये म्हणून अंगणात शिंपडण्याची रीत आपल्याकडे होती, आणि जुना साठा असलेले काही जण आजही शिंपडतात. त्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. सापाला त्याचा वास अडवत नाही. अंगणात खेळणाऱ्या लेकराला, कोंबडीला आणि शेळीला ते विष बाधते. फिनेल, लसूण, मिठाची रेघ यांनीही साप थांबतो असे समजू नये. दुसरी चूक, ज्या खोलीत झोपतो त्याच खोलीतील कोठीत कीड मारण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकणे. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांना उठू देत नाही.

विंचवाविषयी थोडक्यात. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण धोका लहान लाल विंचवाचा जास्त. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर, विशेषतः लहान मुलांत, एक मिनिटही थांबू नये. मूळचे आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्यातील, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. पूर्वी जिथे शंभर गंभीर रुग्णांत चाळीसच्या आसपास दगावत, तिथे हे प्रमाण एकदोनावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरांनीच द्यावयाची आहे, घरी ठेवून घ्यावयाची नाही.

जमिनीवरचे अंथरूण

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतर आठ दिवसांनी माझ्या गटात एक टोळी उतरली. कोप्या कुठे घालायच्या हे मुकादमाने मला विचारले. ट्रॅक्टरच्या रस्त्याजवळ, बांधाला लागून एक मोकळी जागा मी दाखवली. शेजारी आदल्या वर्षीचे पाचट पडले होते. गाडी भरायला सोयीचे पडेल एवढाच विचार मी केला. चौथ्या दिवशी पहाटे एका जोडप्याची नऊ वर्षांची मुलगी पोट दुखते म्हणून रडत उठली. शिळे खाल्ले असेल म्हणून ओवा दिला. आईबाप फडावर गेले. आठ वाजता जवळच्या एका दवाखान्यात नेले, तिथे पोटदुखीचे औषध मिळाले. साडेनऊला मी फडावर पोहोचलो तेव्हा तिच्या पापण्या उघडत नव्हत्या. गाडीत घालून लातूरला निघालो. ती औशाच्या पुढे गेल्यावर गेली.

दुपारी पाचटाचा ढीग काठीने उलटला, तळाशी मण्यार वेटोळे घालून होती. टोळी दुसऱ्या दिवशी त्या फडावरून उठली. मुलीच्या बापाने मला एकही शब्द बोलून दाखवला नाही. जागा मी दाखवली होती हे त्याला माहीत होते.

म्हणून झोपण्याविषयी आग्रहाने लिहितो. शक्य तर खाटेवर झोपावे, खाट भिंतीपासून थोडी अलग असावी, पांघरूण जमिनीला लोळू नये. जमिनीवरच झोपणे भाग असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचाव्यात. नेपाळच्या आग्नेय भागातील खेड्यांत असा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळ कमी झाल्याचे त्यात आढळले. डासांसाठी आणलेली वस्तू मण्यारीलाही अडवते. रात्री उठताना आधी बॅटरी, मग पाय. चप्पल-बूट झटकून घालावेत.

दंश झालाच, किंवा जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, घसादुखी आणि जड पापण्या घेऊन उठला, तर तो सर्पदंशच समजून चालावे. चिरा देऊ नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, देवळात किंवा मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. दंशाचा हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, रोग्याला चालवू नये, १०८ ला फोन करावा. लस चारही सापांवर एकच आहे, त्यामुळे साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नाही. लस आणि श्वासाचे यंत्र दोन्ही कुठे आहेत हे आजच विचारून ठेवावे. ग्रामीण रुग्णालयात लस देऊन पुढे लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत हलवावे लागू शकते. शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्तीचा सर्पदंशाने वा विंचूदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विनाविलंब द्यावा. ऊसतोड मजुराकडे सातबारा नसेल तर तो या योजनेत बसत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

यंदा टोळ्या उतरण्यापूर्वी ज्या सभासदांच्या वावरात कोप्या पडणार आहेत त्यांना माझी विनंती आहे. जागा उंचवट्याची, बांधापासून आणि जुन्या पाचटापासून दूर, वीस पावले चहूबाजूंनी गवत काढून साफ केलेली असावी. दगडांचे ढीग आधी हलवावेत. एक बल्ब ओढता आला तर ओढून द्यावा. प्रत्येक कोपीमागे एक मच्छरदाणी याप्रमाणे खर्च धरावा, तो एका टनाच्या पैशापेक्षा कमी येतो. जागा ठरवताना मला बोलवावे. मी स्वतः येऊन पाहीन, मग टोळीचा नंबर लावीन.